काकूचा माथा, गावाचा माथा

मनकर्णाकाकूचं माहेर चिमूरकडचं, सासर धानोऱ्याच्या जंगलातलं. लगन होऊन तीस वर्षं झाली, पण तिच्या तोंडातला माथा काई माहेराहून हलला नाई. डोकं दुखलं त माथा ठनकते. घरधनी देवाजीकाका चिडले त यायचा माथा सरकला. झाडाचा शेंडा बी माथा अन् पहाडाचा त माथाच. आमच्या गावात पहाडाले गोंड लोकायसारखं मेट्टा म्हणतेत. माथा म्हटलं का आमच्याकडं तलावाच्या पाळीवरची वाट.

शेजारचा लालसू तिले चिडवे, "काकू, तुमचा माथा वेगळा, आमचा वेगळा. एखाद्या दिवशी हरपून जासान."

"हरपली त तुह्याच घरी जेवाले येईन," काकू म्हणे.

चार वर्षांमागं, मोहफुलाच्या दिवसात, सकाळी काकू मेट्ट्याच्या पायथ्याशी फुलं वेचून राह्यली होती. काका तलावापल्याड सरपणाले गेले होते. कंबर सरळ कराले तिनं मान वर केली अन् हात तसाच राह्यला. वरच्या दगडावर वाघ बसला होता. गावाकडं पाहून राह्यला होता.

मागं मागं सरकत ती धानाच्या बांधीत उतरली. घरी याले काकाले दोन वाटा, एक पाळीवरून, दुसरी मेट्ट्यावरून. तिनं फोन लावला, तोंडावर पदर धरून हळूच बोलली, "अवो, माथ्यावर वाघ हाय. तिकडून येऊ नोका."

"बरं बरं," काकानं फोन ठेवला.

बांधीच्या धुऱ्याआड बसून ती पाहत राह्यली. काका आधीच पाळीवर पोचले होते, डोक्यावर मोळी. तिले जरा हायसं वाटलं. तेवढ्यात ते घाईघाईनं पाळ उतरले अन् मेट्ट्याच्या वाटेले लागले.

तवा तिच्या ध्यानात आलं. आपण आपला माथा सांगतला, त्यायनं त्यायचा ऐकला.

फोन लावावा त काकाच्या खिशात घंटी वाजन, वाघ तिकडंच पाहन. नाई लावावा त काका चढूनच राह्यले. आपल्याकडं आला त येऊ दे, म्हणून ती उभी झाली अन् पोटातून वरडली, "मेट्टा! अवो, मेट्टा! मेट्ट्यावर हाय वाघ!"

वाघानं मान वळवली. आधी तिच्याकडं, मंग काकाकडं. काकाची मोळी धाडकन पडली. वाघ उभा झाला. पाठ न दाखवता काका एकेक पाऊल मागं सरकले. लालसू अन् दोघंतिघं डबे वाजवत धावले, तवा वाघ झुडपात शिरला. कुठी गेला ते कोणाले दिसलं नाई. त्याचं अजूनच भेव.

काका जवळ आले त काकूनं त्यायची बाही धरली. "काय सांगतलं होतं मी तुमाले?"

"माथ्यावर वाघ हाय म्हणून."

"मंग?"

"मंग माथ्यावरूनच त उतरलो ना, बाई!"

लालसू हासला. काकू हासली नाई. घरी येईपर्यंत बाही सोडली नाई.

त्यानंतर तिनं काकाले एकट्याले जंगलात जाऊ देल्लं नाई. पुढं ती, मागं काका. दर वळणावर थांबून कानोसा घे.

या माघात काकू निमोनियानं गेली. आता मोह गळून राह्यला. काका पहाटेच उठतेत, शेवटच्या घरापर्यंत जातेत अन् वापस येतेत.

काल पोरगी पिंकी म्हणाली, "बाबा, मी येतो ना संगं. पुढं मी चालतो."

"नोको बापा," काका म्हणाले. "तू पुढं चालशीन त मले तुह्याच जिवाचं भेव लागन."