राहुकाळातलं बिल

हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात. नव्वदीच्या दशकात तिथे परदेशी कॉम्प्युटर मासिकंही यायची, आणि ती मिळवायला आम्ही मोजके प्रोग्रामर सकाळी सकाळी एकमेकांना कोपरं मारायचो. मासिकं महिनोन्‌महिने शिळी. ‘काळ्या पडद्यावरचे प्रोग्राम संपले, आता सगळं माऊसवर’ हे वाचून आम्ही इराण्याकडे बसून सुतक पाळायचो, तोवर तिकडे आणखी दोन-चार गोष्टींचं तेरावंही उरकलेलं असायचं. तरी ते वाचल्याशिवाय मला आठवडा सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

तारनाक्याला घरी बाबांना हा सगळा पोरखेळ वाटे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. जिला पेन्शन ती नोकरी, बाकीचा टाइमपास. ‘‘दुकानदारांचे हिशोब करायला इंजिनिअर झालीस का ग?’’ असं विचारायचे. त्यांनी माझा बँकेच्या परीक्षेचा फॉर्मही भरून टाकला. पास झाले की बँकेत जायचं आणि कॉम्प्युटरचा नाद सोडायचा, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. माझी पंचाईत अशी, की परीक्षेत नापास होणं मला कधी जमलंच नव्हतं. आणि मला काळा पडदा सोडायचा नव्हता, अगदी मनापासून नव्हता.

त्याच सुमारास कोठी भागातल्या एका औषधाच्या दुकानात मी लिहिलेला पहिला प्रोग्राम बसला होता. बिलं करायची आणि शिल्लक माल दाखवायचा, एवढंच त्याचं काम. महिन्याभरात मालकांचा फोन आला, की खोकल्याच्या बाटल्या शून्याच्याही खाली गेल्यात. मी जाऊन पाहिलं तर माल दुकानात यायच्या आधीच विकला गेलेला! प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. मासिकांतली पत्रांची पानं चाळली; जगभरचे प्रोग्रामर तिथे आपापली रडगाणी गात, पण न आलेला माल विकल्याचं रडगाणं एकाचंही नव्हतं.

शेवटी मी एक दिवस दुकानातच ठाण मांडलं. दुपार होत आली तसे मालक कपाळावरचा नाम सावरत खाली वाकले, त्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ सरळ सकाळवर नेलं आणि खुशाल बिल फाडायला लागले.

‘‘अंकल, ये क्या कर रहे?’’

‘‘राहुकालम है ना अम्मा. ये टाइम का बिल हात में दिया तो बीमार अच्छा होता क्या? बाद में घड़ी सीधी कर देतूं. कंप्यूटर को क्या फरक पड़ता?’’

फरक पडत होता तो मला. सकाळी आलेल्या बाटल्या दुपारी विकल्या जात आणि प्रोग्रामला दिसायचं, की त्या यायच्या आधीच गेल्या. मी आधी संतापले, मग हसत सुटले.

घरी सांगितलं तर बाबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. ‘‘जन्मभर राहुकाळात गाड्या सोडल्या मी. एक परत आली नाही.’’ मग डोळे पुसून म्हणाले, ‘‘आता काय करणार तू?’’

माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, राहुकाळ प्रोग्रामलाच कळायला हवा. त्या वेळात बिलावर वेळ छापायचीच नाही; आत मात्र खरा क्रम राहील, आणि घड्याळाला कुणी हात लावायचा नाही.

‘‘मग टाइमटेबल लागेल,’’ म्हणाले, आणि पंचांग काढून बसले. त्यानंतर माझी सुटका नव्हती. सूर्योदय हैदराबादचाच धर, मुंबईचा चालायचा नाही. थंडीत वेळ सरकते, ती का नाही सरकवली? वाराप्रमाणे ते सांगायचे, मी टाइप करायची. चुकले की रेल्वेतला जुना आवाज लागायचा. शेवटी बसने माझ्याबरोबर कोठीला आले, काउंटरपाशी उभे राहून बिल बाहेर येताना बघितलं. मालक म्हणाले, ‘‘क्या हिसाब बिठाए साब!’’ बाबांनी मान अशी डोलावली, की जणू मी त्यांची असिस्टंट. मला राग आला नाही. शेजाऱ्यांना सांगताना ते ‘आमचा प्रोग्राम’ म्हणायला लागले, तेव्हा तर फारच बरं वाटलं.

पण बँकेच्या परीक्षेबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. रविवार उजाडला. हॉलतिकीट पर्समध्ये टाकून, चपला घालून मी दाराशी आले. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

‘‘निघालीस?’’

‘‘हो. दहाला आहे परीक्षा.’’

वर्तमानपत्र खाली आलं नाही. त्याच्यामागून आवाज आला, ‘‘आत्ता राहुकाळ लागायलाय. जाऊ नको.’’

रविवारचा राहुकाळ संध्याकाळी असतो. ते त्यांनीच मला सांगितलं होतं, दोनदा तपासूनही घेतलं होतं.

‘‘बरं बाबा,’’ म्हटलं आणि चपला काढल्या.