भासऱ्यांचा पाय आणि विद्यापीठाची परीक्षा

"तू तर तिकडचीच. तुला सोपं जाईल." कॉलेजातल्या मॅडमचं हे वाक्य अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्हाला खेड्यातल्या कामासाठी गावं वाटून दिली. मॅडम मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "तुला भंडाऱ्याकडची करडी देते." मी म्हणाले, "मॅडम, करडी माझं सासर आहे." "मग तर काय, मजाच की!" म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळल्या. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. सासर म्हणजे आयतं गरम जेवण, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी.

हे जनता सरकारच्या दिवसांतलं. डिप्लोमा करून मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत. क्वार्टर, फॅक्टरीची बस, सगळं ठीक चाललं होतं. पण आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची जागा निघणार होती आणि ती पदवीवालीलाच मिळणार होती. मला ती जागा हवी होती. उगाच साळसूदपणा करत नाही, हवीच होती. ज्या पुस्तकांतून आम्ही शिकलो त्यांत रोग्याच्या खाटेला चाकं असत. आमच्या वॉर्डात खाटेखाली रोग्याची माय झोपलेली असे. त्या मायला उठवायचं कसं, तिच्याकडून काम करून घ्यायचं कसं, हे एकाही पानावर नव्हतं. मुलींना हे कोणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ती कोणीतरी मीच, अशी माझी पक्की खात्री होती.

आता भासऱ्यांविषयी. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. लहान भावाच्या बायकोने त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, तो येताना दिसला की बाजूला व्हायचं, त्याच्याशी बोलायचं नाही. शिवायचं तर दोघांनीही नाही. चुकून पदराचा धक्का लागला तरी तो घरी जाऊन अंगावर पाणी घेतो. माझे भासरे वाईट माणूस नव्हते. सासरे लवकर गेले, माझ्या नवऱ्याला त्यांनीच वाढवलं. मी पदवीला जायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तर ते दाराआडून जाऊबाईंना म्हणाले, "जाऊ दे तिले. शिकते तं शिकू दे." इतक्या वर्षांत ते माझ्याविषयी एवढंच बोलले, तेही मला नाही.

करडीतले माझे दिवस बरे गेले. मी ठरवून गावाच्या दुसऱ्या टोकाला काम घेतलं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, "घर मी निवडणार." धान गर्भात आलेलं होतं, निम्मं गाव बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरांत होतं. घरोघरी कुलपं पाहून त्या वैतागल्या. सोबतचा आरोग्य केंद्राचा माणूस मदतीला धावला. "मॅडम, पायाच्या जखमेचा एक पेशंट घरीच बसून आहे."

पेशंट म्हणजे भासरे. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी चिखलात त्यांच्या नडगीला कुदळ लागली होती आणि ती जखम बांधीच्या पाण्यात उभं राहून राहून चिघळली होती. जाऊबाई हळद भरत होत्या. मी नवऱ्यामार्फत दोनदा निरोप पाठवला होता, भंडाऱ्याला या म्हणून. आले नाहीत. मी शिकायला गेले असले तरी दवाखान्यात ड्रेसिंगला मीच असणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं ना.

वाटेतच मी परीक्षक बाईंना सांगितलं, "मॅडम, ते माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ आहेत. आमच्यात त्यांना शिवत नाहीत. दुसरं कुठलंही घर द्या." त्या हसल्या. "घरचाच माणूस? मग तर तो सहकार्य करेल." मी कपाळावर हात मारायची तेवढी राहिले.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत शिरताना मी पदर डोक्यावर घेतला तर तो नर्सच्या टोपीवर बसेना. शेवटी टोपी काढून काखेत धरली. गणवेशाचे गुण तिथेच गेले असणार. मला पाहून भासरे लंगडत आत निघाले. परीक्षक बाईंनी त्यांना बसायला लावलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी शिकवल्याप्रमाणे वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बॅग ठेवली, हात धुतले, सामान मांडलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "बाई, त्याईले म्हणा, पाय पाटावर ठेवा."

मग मी सांगत गेले आणि जाऊबाई करत गेल्या. पाणी उकळून गार केलं. जखम आतून बाहेरच्या बाजूला पुसायची, एकदा वापरलेला बोळा पुन्हा लावायचा नाही, हळद आता बंद. हात धुवायला मी त्यांना दोनदा लावलं. त्यांचा हात हलका होता. पट्टी बरी बसली.

"आता तू कर," परीक्षक बाई म्हणाल्या.

"मॅडम, रोज जाऊबाईच करणार आहेत."

"परीक्षा तुझी आहे, त्यांची नाही."

मी एक पाऊल पुढे झाले. भासऱ्यांनी विस्तवावर पडल्यासारखा पाय ओढून घेतला आणि भिंतीला म्हणाले, "तिले म्हणा, राहू दे. पाप कायले लावून घेते?" मी थांबले. हात धुऊन तयार होते, पाणी निथळत होतं, आणि मी थांबले.

तोंडी परीक्षेत त्याच बाईंनी मला विचारलं, "कुटुंब हे शुश्रूषेचं एकक, म्हणजे काय?" मी घडाघडा सांगितलं : परिचारिकेने घरातल्या माणसाला काळजी घ्यायला शिकवावं, घराच्या रीतीभाती ओळखून वागावं, वगैरे. त्यांनी मान डोलावली. उत्तर चांगलं होतं म्हणे.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, या प्रात्यक्षिकात नापास. मी कॉलेजात जाऊन मॅडमशी भांडले. त्या म्हणाल्या, "अगं, पाच मिनिटं हात लावला असतास तर काय बिघडलं असतं?" पुन्हा परीक्षेला बसायच्या आधीच ट्यूटरची जागा भरली गेली. माझ्याच वर्गातली एक शहरातली मुलगी आली, हुशार होती, माझी मैत्रीणच. खाटेखालची माय पाहून पहिल्या दिवशी ती वॉर्डबॉयवर ओरडली. मी पुन्हा पांढरी साडी नेसून ड्रेसिंगच्या खोलीत उभी राहू लागले. घरी भांड्यांवर राग काढत होते, नवरा ऐकून घेत होता. मी नापास झाले आणि का, हे करडीला त्यानेच सांगितलं असावं.

चुरणे, म्हणजे धानाची मळणी, आटोपल्यावर एके सकाळी ड्रेसिंगच्या रांगेत भासरे उभे दिसले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. एसटीने एकटेच आले होते. मी सवयीने पदर घेतला आणि बाजूला सरकले. ते सरकले नाहीत. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, धोतर वर केलं आणि पाय पुढे केला.

"घे बाई, बांध."

बांधायला काही उरलंच नव्हतं. जाऊबाईंनी रोज केलं होतं. नडगीवर नवी गुलाबी कातडी आली होती. रांगेतले लोक पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते, पण पाय त्यांनी हलवला नाही. मी हात धुतले आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, बऱ्या झालेल्या पायाला, पुस्तकात असते तशी पट्टी बांधली. कुणाकुणाचा राग येत होता, तेही कळत नव्हतं.

गाठ मारून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "झालं ना? आता तं पास करतीन ना तुले?"

"हो," मी म्हणाले.

भासऱ्यांशी बोललेला माझा तो पहिला शब्द, आणि तो खोटा होता.