मामांनी न खाल्लेली साय

माझ्या सासऱ्यांनी एका रविवारी दुपारी डबाभर साय एकट्यानं खाल्ली, हे बिलोलीपासून लातूरपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. ती त्यांनी खाल्ली नव्हती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना शुगर आहे आणि गोडाची आवडही आहे, आणि वयाबरोबर दोन्ही वाढत चालल्या आहेत. त्यातही फ्रीजमधल्या साईवर साखर भुरभुरून खाणं हा त्यांचा खास छंद. फ्रीजचं दार जरा जरी वाजलं तरी माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते) असतील तिथून ओरडतात, "कोन हाय फ्रीजपाशी?"

"पानी घेऊन राहिलो!" मामांचं ठरलेलं उत्तर. आमच्या घरी पिण्याचं पाणी माठात असतं.

पण त्या पंधरवड्यात मामांनीही फ्रीजला हात लावला नव्हता. कारण ती साय साधी नव्हती. माझी नणंद लातूरला बाळंतीण झाली होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरच्यांनी तिला तिकडेच ठेवून घेतलं होतं. आता आईच्या हातचे डिंकाचे लाडू तरी घरच्या तुपातले जावेत, म्हणून आत्याबाई रोज दुधावरची साय काढून स्टीलच्या मोठ्या डब्यात साठवत होत्या. त्यात विरजणाचं दही घातलेलं. सोमवारी लोणी काढायचं, तूप कढवायचं, मंगळवारी लाडू वळायचे आणि बुधवारी लातूरची गाडी. निघालेल्या तुपातलं पहिलं चमचाभर देवापुढच्या दिव्याला. सगळं ठरलेलं होतं.

आणि नेमकं त्याच रविवारी मला चिकन सूप करायची हुक्की आली!

त्याला कारण मोबाइल. डिसेंबरची थंडी, आणि त्या व्हिडिओत एक बाई पांढऱ्याशुभ्र वाट्यांतून दाट, मलईदार सूप वाढतेय, आणि तिचं अख्खं कुटुंब टेबलाभोवती बसून एकमेकांकडे बघून हसतंय. आमच्याकडेही टेबल आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे, मामांच्या गोळ्या आणि माझ्या वर्गाच्या वह्या असतात. (मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.) मी सकाळीच जाहीर करून टाकलं, "आज रात्री सगळ्यांनी टेबलावर बसायचं. मी क्रीमी सूप करणार आहे."

"रस्सा का न्हाई करत?" मामांनी विचारलं.

"रस्सा नेहमीचाच आहे, मामा."

"नेहमीचा म्हनूनच तर खाऊ वाटतोय," मामा पुटपुटले. पण माझा उत्साह बघून गप्प बसले.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आत्याबाई माळकरी. त्यामुळे कोंबडी शिजते ती गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, वेगळ्या शेगडीवर. तिची भांडी वेगळी, पळी वेगळी, चमचे वेगळे. सगळी पोत्यात बांधून जिन्याखाली. वरचं भांडं खाली येत नाही आणि खालचं वर जात नाही; खायच्या वेगळ्या वाट्या तेवढ्या स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलापर्यंत येतात. दोन देशांच्या सरहद्दीवर नसेल एवढा बंदोबस्त आमच्या जिन्यात आहे.

कोंबडी छान उकडली. पाणी गाळलं, मिरेपूड घातली, कॉर्नफ्लोअर लावलं. मग व्हिडिओतली ती बाई म्हणाली, "आता अर्धी वाटी फ्रेश क्रीम."

क्रीम! मी ह्यांना फोन लावला. हे रेल्वेच्या ऑफिसात रविवारची ड्युटी करत होते. "येताना क्रीम आणता का?"

"कोणतं? थंडीचं?"

मी फोन ठेवला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, केकवरचं हाय, गुलाबी. चालंल का?"

सूप उकळत होतं, व्हिडिओतलं कुटुंब हसत होतं. तेवढ्यात मला डबा आठवला. अर्धीच तर वाटी! एवढ्या मोठ्या डब्यातून अर्धी वाटी गेली तर आत्याबाईंना काय कळतंय? त्या शेजारी भजनाला गेल्या होत्या. मी धावत खाली आले, फ्रीज उघडला, झाकण काढलं आणि खसकन पळीभर साय उचलली.

पळीभर!

एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हातात जे होतं तेच घेऊन मी खाली धावले होते. कोंबडीची पळी! सुपानं ओली, दांड्याला कोंबडीचा एक तंतू चिकटलेली, आणि आता थेट आत्याबाईंच्या साईत बुडलेली. साय बाटली होती.

मी त्या डब्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. झाकण लावून गप्प बसता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या साईचं तूप देवापुढे जळणार होतं. देवाला फसवायची माझी छाती झाली नाही. सासूला फसवायची झाली.

टाकून द्यायलाही जीव होईना. मग मी डबा उचलून गच्चीवर नेला आणि सगळीच्या सगळी साय सुपात ओतली. अर्ध्या वाटीच्या जागी डबाभर! शेगडी भणभणत होती. ती बाई "मंद आचेवर" म्हणाली होती, ते मला नंतर ऐकू आलं.

साईत विरजण होतं. सूप फुटलं. नुसतं फुटलं नाही, त्याच्या चिंध्या झाल्या. मी घाबरून घुसळलं, तसं आणखी फुटलं. चोथा गाळून काढला. आता खाली आंबूस पाणी राहिलं, त्यात कोंबडी, आणि वर बोटभर जाडीचं वितळलेलं तूप. लाडवांचं तूप निघालं होतं म्हणायचं. फक्त त्याच्या खाली कोंबडी होती.

डबा घासून मी फळीवर पालथा घातला आणि मनाशी ठरवलं, आत्याबाई आल्या की त्यांनी विचारायच्या आत सांगायचं. सरळ सांगायचं. काय, जीव तर घेणार नाहीत!

आत्याबाई पाच वाजता आल्या. फ्रीज उघडला. बंद केला. पुन्हा उघडला.

"साय कुठं गेली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आत्याबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या मामांपुढे तो रिकामा डबा घेऊन उभ्या राहिल्या.

"खाल्ली न्हवं का?"

मामांनी चष्म्यावरून डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपराला अजून साय लागलेली होती. मामांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "हाव. खाल्ली."

"सगळी?"

"सगळी."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? मी पदरानं कोपर पुसलं.

पुढचे दोन तास आठवले की अजून माझे कान तापतात. "लेकीच्या लाडवाची साय खाल्ली! बाळंतिणीच्या तोंडातला घास!" आत्याबाईंनी लातूरला फोन लावला. लातूरहून चाकूरच्या काकांना गेला. तिथून माझ्या माहेरी, बिलोलीला! माझ्या आईचा मलाच फोन आला, "अगं, तुझे सासरे बरे हायेत का? डबाभर साय खाल्ली म्हणं!"

"हो ना," मी म्हणाले. स्वतःच्या आईशी!

हे घरी आले ते शुगर तपासायचं यंत्र हातात घेऊनच. मामांचं बोट टोचलं. एकशे अठरा!

"आसं कसं व्हईल?" आत्याबाई म्हणाल्या. "डबाभर साय खाऊन एकशे अठरा? यंत्र बिघडलंय. दुसरं बोट दाव."

दुसरं बोट टोचलं. एकशे सोळा. तिसरं टोचलं. मामा शांतपणे एकेक बोट पुढे करत होते आणि मी शेजारी कापूस धरून उभी होते. (कापूस धरायचं काम मी अगदी मनापासून केलं.) शेवटी निकाल लागला: यंत्र उद्या दुकानात दाखवायचं, आणि आज मामांना जेवण बंद, फक्त मेथीचं पाणी.

साडेसातला मी टेबल रिकामं केलं, पांढऱ्या वाट्या मांडल्या, गरम सूप वाढलं. गरम असताना ते बरं दिसत होतं. वर चकाकत होतं. माझी मुलगी गौरी खुर्चीत बसून पाय हलवत होती. मामा व्हरांड्यात मेथीचं पाणी घेऊन बसले होते, त्यांची खुर्ची रिकामी. एवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल आला आणि सगळे उठून तिकडे गेले.

"बाबा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" नणंद रडत होती. लाडवांसाठी नाही हो, वडिलांच्या जिवासाठी! बाळही रडत होतं. मामा मोबाइलकडे बघून म्हणत होते, "न्हाई खानार बाई परत. चुकलं माझं."

तासभर तो कॉल चालला. आम्ही टेबलाशी परत आलो तेव्हा गौरीनं वाटीत चमचा घातला.

टक्!

"आई, सूपवर झाकण आलंय."

थंडीनं सगळ्या वाट्यांवरचं तूप थिजलं होतं. पांढरंशुभ्र, घट्ट. हे म्हणाले, "हे बटर आहे का?" मी घाईघाईनं म्हणाले, "हो, बटरच, विकतचं!"

आत्याबाई भाकरी थापता थापता उठून आल्या. वाटीला हात न लावता वाकून बघितलं. पन्नास वर्षं तूप कढवलेली बाई ती.

"विकतचं बटर पिवळं आसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "हे म्हशीच्या साईचं हाय. माझं हाय."

मग मी रडले. पळी, मोबाइल, देवाचा दिवा, सगळं एका दमात सांगून टाकलं. आत्याबाई माझ्याकडे न बघता व्हरांड्यात गेल्या.

"मंग तुमी खाल्ली कामून म्हनलात?"

मामा खाली बघत म्हणाले, "तिला बोलली आसतीस. तिला लागलं आसतं. मला तर तू रोजच बोलतीस."

"तीन बोटं टोचली तुमची!"

"टोच. दहा हायेत."

आत्याबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांनी मामांची ती तीन बोटं हातात घेतली आणि फुंकर घातली. मी आयुष्यात एवढी लाजले नव्हते. मला वाटलं, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. लातूरला परत फोन करून खरं सांगते म्हटलं, तर मामांनी हातानंच थांबवलं, "ऱ्हाऊ दे. बाळंतीन हाय ती, आता झोपली आसंल."

त्या रात्री आम्ही सगळे स्वयंपाकघरात खाली बसून आत्याबाईंचं पिठलं आणि गरम भाकरी जेवलो. मामांसकट. अगदी त्या व्हिडिओतल्या कुटुंबासारखे, फक्त हसत कुणी नव्हतं. जेवून झाल्यावर मामा बाहेर टेबलाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आन गं ते सूप. एवढं रामायन झालं त्याच्यापायी, चव तर बगू."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी तुपाची पापडी बाजूला सारून एक चमचा तोंडात घातला. थांबले. गिळला. पाणी प्यायले.

"ह्यापरीस," मामा म्हणाले, "म्या खरंच साय खाल्ली आसती तर बरं झालं आसतं!"

तेव्हा कुठे आत्याबाई हसल्या.

लाडू मात्र व्हायलाच हवे होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुसरा, न बाटलेला डबा घेऊन गल्लीत साय मागायला निघाले. हीच माझी शिक्षा, असं मीच ठरवलं. मामा म्हणाले, "डबा जड व्हईल, मी येतो." दोन घरी काही न विचारता वाटी वाटी साय मिळाली. तिसऱ्या घरच्या वहिनींनी वाटी आणता आणता विचारलं, "का हो मॅडम, तुमच्या साईचं काय झालं?"

मी श्वास घेतला. आता खरं बोलायचं. मागच्याच आठवड्यात मी वर्गाला प्रामाणिकपणाचा धडा शिकवला होता, फळ्यावर लिहून.

पण माझ्या मागे डबा धरून उभे असलेले मामाच बोलले, "म्या खाल्ली. लई ग्वाड हुती."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी, तिसरीची बाई, कपाळाला हात लावून म्हणाले, "काय करावं, ऐकतच नाहीत हो!"