जाहिरातीला आधी कळलं

लेकीच्या नीटच्या क्लाससाठी मी अहमदपूर सोडून लातूरला खोली केली. गल्लीत माझ्यासारख्या आयाच आया. नवरे गावाकडं, आम्ही इथं पोळ्या लाटायला. क्लासवाल्यांनी मुलांना नेट नसलेले साधे फोन दिलेले, म्हणून लेकीला काही शोधायचं असलं की ती माझाच मोबाइल घ्यायची. घरातली वस्तू, कुणीही घ्यावी, असंच मी समजत होते.

एका दुपारी शेजारणींसोबत मेथी निवडत मोबाइलवर लोणच्याचा व्हिडिओ बघत होते. मध्येच जाहिरात आली: ‘रिपीटर आहात? झोप लागत नाही? जगणं नकोसं वाटतं? आमच्याशी बोला.’

“अगं बया, तुला कशाला येऊन राहिल्या असल्या जाहिराती?” एकीनं विचारलं.

“माझं वयच तसलं हाय,” मी हसले. हसता हसता हात थांबले. परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी, रिपीटर, आमच्या खोलीत एकच होती, माझी लेक.

बायकांनाही उमगलं. त्या मुकाट मेथी निवडू लागल्या. मी लहान असताना झालेल्या भूकंपानंतर गावाकडं आमची सगळी आळी कितीतरी दिवस उघड्यावर झोपायची. कुणी रडलं की बाकीचे कूस बदलून झोपेचं सोंग घ्यायचे. एवढी रीत आम्हाला होती. माझ्या लेकरानं एकटीनं मोबाइलला विचारलेलं या मेल्यानं चार बायकांत बोलून दाखवलं, वर तिच्यात गिऱ्हाईक शोधलं. मला भयंकर संताप आला. आणि त्याच्याशिवाय मला हे कळलंच नसतं, याचा त्याहून जास्त.

संध्याकाळी लेकीला जवळ घेतलं. “जमत नसलं तर चल घरी. डॉक्टर न्हाई झालीस म्हणून काय आभाळ कोसळतंय?”

ती अंग चोरून बाजूला झाली. “मी कुठं म्हणले जमत न्हाई? तुला कुणी सांगितलं?”

“मोबाइलवर जाहिरात आली.”

“त्या बायांनी पण बघितली?”

मला खोटं बोलता आलं नाही. तिनं मोबाइल घेतला, काहीबाही दाबलं, परत दिला. “आता न्हाई येणार.”

खरंच आल्या नाहीत. साड्यांच्या यायच्या, कुकरच्या यायच्या. झोप लागते का विचारलं की ती वही न सोडता “हाव” म्हणायची. मोबाइल मागायची नाही. ती क्लासला गेली की मी एकेक व्हिडिओ लावायचे आणि ती मेली जाहिरात येते का, याची वाट बघत बसायचे.