चार हजारांवर थांबलेला काटा

माझ्या अकोल्याच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही काट्यावर टिचकी मारल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. मग तो घड्याळाचा असो, दर्यापूरच्या जीपमधल्या डिझेलचा असो, नाहीतर डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राचा. दोन मिनिटं एका जागी बसतील तर शपथ! दोष घराण्याचा. विमानं नवी होती तेव्हा हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा काटा थंडीत अडकायचा. तो माझ्या पणजोबांनी, म्हणजे मामांच्या आज्याने, मोकळा केला, आजोबांनी त्याची चूक आणखी कमी केली आणि मामांनी जन्मभर दोघांची यंत्रं पुसली. पणजोबांच्या हातचं पहिलं यंत्र मात्र घरातच राहिलं, आणि घरातलं कोणी कधी विमानात बसलं नाही. "आज्याचं बरोबर होतं का नाही, हे पाह्यल्याबिगर मी मरत नाही," असं मामा ज्याला त्याला ऐकवायचे.

अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं, तसा मी मामा-मामींना घेऊन निघालो. यंत्र मामांच्या मांडीवर. विमान चढू लागलं, काटाही चढला आणि चार हजार फुटांवर थांबला. तेवढ्यात वैमानिकाने सांगितलं, आपण सतरा हजार फुटांवर आहोत. मामांनी टिचकी मारली. मग दुसरी, मग दहावी. काटा ढिम्म.

"तीन पिढ्या खोट्या पडल्या रे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की उगाच आणलं यांना, असं मला झालं.

मामींनी पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढलं. "अवो, हे पाहा. घाट चढून चिखलदऱ्याले गेलो का फुगते ना, तेवढंच फुगलं."

मामा ताडकन उठायला गेले. पट्ट्याने त्यांना परत बसवलं. "चिखलदऱ्याएवढंच? म्हंजे विमानात हवा कोंडून ठेवली हाये यायनं! बाहेर काईबी असो, इथं चार हजाराचीच हवा हाये. आज्या बरोबर हाये!" आणि सगळ्यांदेखत ते ढसाढसा रडले.

परवा अकोल्याला गेलो, तर मामा तासभर एकाच खुर्चीत बसून होते. घड्याळाकडेसुद्धा उठून गेले नाहीत. मला ते बघवेना. भिंतीवरच्या त्या यंत्राला शेवटी मीच टिचकी मारली.

"काहून छळून राहिला त्याले?" मामा हळूच म्हणाले. "बरोबर हाये ते."