हंगाम संपल्यावरचा गोलकीपर

भगवानराव खिल्लारे यांना आमच्या कॉलेजात आणलं ते त्यांचे हात बघून. डोकं सोबत आलं, त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

हात मात्र खरंच बघण्यासारखे होते. पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये ते खलाशी. रात्रपाळीत इंजिनांच्या पोटातली राख ओढायची, सकाळी अंघोळ, थोडी झोप, आणि संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर गोलात उभं राहायचं. तापलेल्या इंजिनाशी रोजची बोलचाल असलेल्या माणसाला फुटबॉलची कसली भीती! जोराचा बॉल आला, की गाडीतून उतरलेल्या पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा ते तो घेत. घेऊन जरा हसतही.

आमचं कॉलेज तेव्हा, म्हणजे १९७१ साली, अगदी नवं होतं. तीन खोल्या, एक पत्र्याचा व्हरांडा आणि संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. आबासाहेबांची शेती बोरीला, मुक्काम पूर्ण्याला आणि जीव परभणीच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या कपात. हा कप ज्या कॉलेजकडं, ते कॉलेज मोठं, असं त्यांचं पक्कं मत होतं. ग्रंथालय वगैरे नंतर बघता येतं.

कबड्डीला म्हणाल तितकी पोरं मिळत. फुटबॉलला कशीबशी नऊ. पण त्याची काळजी कुणी करत नव्हतं, कारण त्या काळच्या कॉलेज-फुटबॉलची रीतच वेगळी होती. पावसाळा सरला, की कॉलेजांचे खेळाचे सर माणसं हेरायला निघत. कुणी जिनिंगमधला मुकादम आणी, कुणी तालमीतला वस्ताद. त्यांची नावं हजेरीपटावर चढत. दोन महिने ते विद्यार्थी. कप झाला, की दिवाळीनंतरच्या आकाशकंदिलासारखे गुपचूप उतरवले जात. एका कॉलेजचा फुलबॅक तर मैदानावर यायच्या आधी आपल्या मुलाला शाळेत सोडून येई.

आमचे खेळाचे सर दत्तराव हे फार सभ्य गृहस्थ. शेडच्या फाटकाशी त्यांनी भगवानरावांना गाठलं, पण ‘आमचा गोल सांभाळा’ असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून म्हणाले, “भगवानराव, बी.ए. करता का?”

पुढचा सगळा घोटाळा ह्या सभ्यपणातून झाला.

भगवानराव नांदेडला पी.यू.सी., म्हणजे मॅट्रिकनंतरचं कॉलेजचं एक वर्ष, झाले होते. पुढं घरची ओढाताण, मग रेल्वेची नोकरी, आणि शिक्षण जे सुटलं ते सुटलंच. ते दत्तराव सरांकडं बघतच राहिले. घरी जाऊन बायकोला, सत्यशीलाबाईंना सांगितलं. त्या सातवी पास आणि हिशेबाला रोखठोक.

“आवो, त्यायला बॉल आडवणारा पायजे आसंल,” त्या म्हणाल्या.

“आसंल की. मी आडवतोच हाय.”

“मग आडवा. पर वर्गात बी बसा. बाबासाहेबांनी शिका म्हणलंय, गोल आडवा न्हाई म्हणलं.”

त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. हंगाम संपला. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला दार उघडलं आणि धुतलेला पांढरा सदरा घालून भगवानराव आत आले. शेवटच्या बाकावर बसले. बाक जरा कुरकुरला, सरही कुरकुरले. मधल्या सुट्टीत दत्तराव सर धावत आले.

“भगवानराव, इकडं कुठं? हंगाम संपला.”

“फुटबॉलचा संपला, सर. ह्ये आत्ता कुठं सुरू व्हायलंय.”

दत्तराव सरांनी आबासाहेबांना जाऊन सांगितलं, की आपला गोलकीपर शिकायलाय. आबासाहेबांना आधी ती तब्येतीची तक्रार वाटली. “राहू द्या,” ते म्हणाले, “कंटाळला म्हणजे जाईल.”

भगवानराव कंटाळले नाहीत. डुलकी मात्र घेत. रात्रपाळीचा माणूस, त्यात इतिहासाचा तास. मोगल दिल्लीत येईपर्यंत ते कसेबसे जागे असत. दक्षिणेत उतरेपर्यंत घोरायला लागत. इतिहासाचे सर आवाज खाली आणून शिकवत. आम्हाला वाटे, रागानं. नंतर कळलं, की त्यांची झोप मोडू नये म्हणून. घरी सत्यशीलाबाई तो धडा त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेत आणि झोपेत निसटलेले मोगल परत गोळा होत. वर्षाअखेर निकाल लागला आणि भगवानराव पास झाले. तिसऱ्या वर्गात, पण पास. हंगामापुरता आणलेला खेळाडू पास झाल्याचं जिल्ह्यात कुणी ऐकलं नव्हतं. दत्तराव सरांनी पेढे खाल्ले आणि वर पाणी प्यायले.

दुसऱ्या वर्षी आम्ही थेट अंतिम सामन्यात पोचलो.

ते बहात्तरचं, दुष्काळाचं वर्ष. मेसमध्ये अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, आणि परभणीचं मैदान असं कडक, की बॉलच काय, पडलेला माणूसही उसळी घेई. सामन्याच्या सकाळी मैदानाकडेच्या मांडवात स्पर्धेच्या समितीची बैठक भरली. अध्यक्ष होते माणिकराव सर. विषय मोठा होता: पुढल्या वर्षापासून कॉलेजच्या फुटबॉलची घडी कशी बसवायची, कुणी खेळायचं, किती वयापर्यंत, हजेरी किती. आणि नेमका तेव्हाच समोरच्या संघाचे खेळाचे सर व्यंकटराव यांनी तक्रार ठोकली, की पूर्ण्याचा गोलकीपर विद्यार्थी नाही, रेल्वेचा खलाशी आहे.

दत्तराव सरांचा सभ्यपणा क्षणभर सुटला. “आणि तुमचा सेंटर फॉरवर्ड किशनराव? त्याच्या मिशा पिकायल्यात!”

दोघं मांडवामागं गेले. आबासाहेबही गेले. परत आले ते तोडगा घेऊनच. दोन्हीकडची नावं हजेरीपटावर ‘चुकून’ चढली, असं लिहून द्यायचं. दोन्ही नावं काटायची. तक्रार मागं, सामना सुरू, सगळे स्वच्छ.

किशनरावांना हे सांगितलं, तेव्हा ते “बरं झालं” म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

भगवानराव बूट बांधत होते. त्यांनी एक बूट तसाच ठेवला.

“खेळातनं काढा, सर. बेशक काढा,” ते म्हणाले. “पर नाव ऱ्हाऊ द्या. मार्चला पेपर हायत माजे.”

“अरे भगवान,” आबासाहेब वैतागले, “नाव काय घेऊन बसलास? फुटबॉलसाठीच चढवलं होतं ना?”

“तुमी फुटबॉलसाठी चढवलं, आबासाहेब. मी बी.ए.साठी दिलं.”

आता व्यंकटराव अडून बसले. आमचा माणूस कायमचा जाणार आणि तुमचा कागदावर राहणार, हे कसं? तो खरा विद्यार्थी आहे हे दाखवा. माणिकराव सरांनी चष्मा पुसला आणि भगवानरावांना मांडवात बोलावलं. आम्ही सगळा संघ मांडवाच्या कापडाला कान लावून उभे. असं कुणी आम्हाला बोलावलं असतं, तर आम्ही अकराच्या अकरा खोटे विद्यार्थी ठरलो असतो.

“अर्थशास्त्रात सध्या काय चाललंय?” माणिकराव सरांनी विचारलं.

“मागणीचा नियम, सर.”

“सांगा.”

“किंमत वाढली, की मागणी घटती.” भगवानराव थांबले. “पर मला ते समजलं न्हाई, सर.”

“काय समजलं नाही?”

“ज्वारी म्हाग व्हायलीय आन लोकं तर दुकानाफुडं जास्तीच उभे ऱ्हायलेत. मी सरांना इचारलं. सर म्हणले, ह्याला अपवाद म्हणत्यात, आन अपवाद फुडच्या सत्रात हाय.”

माणिकराव सर मोठ्यानं हसले. तेही अर्थशास्त्राचेच. “हा विद्यार्थी आहे,” त्यांनी निकाल दिला. “समजलं नाही असं म्हणायला वर्गात बसावं लागतं. न बसणाऱ्यांना सगळं समजलेलं असतं.”

न्याय पुरा व्हावा म्हणून किशनरावांनाही चहाच्या गाड्यावरून बोलावलं.

“तुमचा मुख्य विषय कोणता?”

“सेंटर फॉरवर्ड,” किशनराव म्हणाले.

निकाल झाला. किशनराव बाहेर, भगवानराव आत. वर्गातही आणि संघातही. दत्तराव सरांनी मला मिठी मारली, चुकून एका पंचालाही मारली. किशनरावांशिवाय तो संघ म्हणजे इंजिनाशिवाय डबे. कप आमचाच होता. आबासाहेब तर तो घरी न्यायचा की कॉलेजात ठेवायचा, ह्या विचारात पडले.

भगवानराव त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

“आबासाहेब, एक इचारू? आज मी न्हाई खेळलो, तर उद्या कॉलेजात माजं काय?”

“नाही कसा खेळशील? खेळायचं नसेल तर तुझं कॉलेजात काम काय?”

“त्येच बगायचंय,” भगवानराव म्हणाले. आवाज चढवला नाही, पण समितीला ऐकू गेला. “आज खेळलो तर कप आपला. मग जल्मभर म्हणत्याल, ह्याला कपासाठी घेतलं व्हतं. गुडघा मोडला, की नाव काटत्याल. किशनराव भाईर, मी बी भाईर. लेकरांना खेळू द्या. माजं नाव बॉलबिगर टिकतंय का, मला बगू द्या.”

आम्ही संतापलो. संतापणारच. आमचा डावा हाफ तर “ह्यो माणूस पुस्तकं वाचून बिघडला” असं म्हणालासुद्धा. भगवानराव आमच्यात येऊन मांडी घालून बसले. “गाल्या नंतर द्या,” ते म्हणाले. “आधी सांगा, गोलात कोण हाय?”

गोलात राणीसावरगावचा मुंजाजी उभा राहिला, कारण तो उंच होता. मुंजाजी मुळातला कबड्डीचा. भगवानराव गोलामागं उभं राहून ओरडत होते, “बॉल बग मुंजाजी, माणूस नगं बगू!” पण जन्माची सवय. समोरचा खेळाडू बॉल घेऊन आत आला, की मुंजाजी बॉल जाऊ देई आणि त्याचे घोटे धरी. एकदा तर धरून रेषेपर्यंत मागं ओढला आणि पंचाकडं गुणासाठी बघितलं. पेनल्टी झाली. नंतर आणखी एक. पण उत्तरार्धात, काय झालं कुणास ठाऊक, आम्ही पोरं पळायला लागलो. मागं भगवानराव आहेत म्हणून आजवर आम्ही निम्मंच धावत होतो, हे त्या दिवशी आमचं आम्हाला कळलं. दोन गोल केले. तीन खाल्ले. हरलो.

परतीच्या गाडीत आबासाहेब खिडकीकडं तोंड करून बसले होते. मिरखेल स्टेशनही मागं गेलं. दत्तराव सर इंजिनाची शिट्टी वाजली, की उगाच दचकत. शेवटी आबासाहेबांनी मान वळवली.

“कप कुठंय?”

“कप त्यायच्याकडं,” भगवानराव म्हणाले. “मी तुमच्याकडं हाय.”

“तुझं मी काय करू?”

“शिकवा की.”

डब्यात कुणी तरी खुदकन हसलं. आबासाहेबांनी कोण हसलं ते बघितलं, मग पुन्हा भगवानरावांकडं बघितलं. जमीनदार माणूस, नाही म्हणायची सवय होती, पण ह्याला नाही कसं म्हणायचं ते त्यांना सापडेना. कॉलेज काढून दोन वर्षं झाली होती आणि शिकवा असं त्यांना अजून कुणी म्हटलं नव्हतं. पूर्णा आलं. उतरताना ते एवढंच म्हणाले, “सोमवारी इंग्रजीचे नवे सर येणार आहेत. झोपू नका त्यांच्या तासाला, भगवानराव.”

भगवान गाडीत चढला होता, भगवानराव उतरले.

माणिकराव सरांच्या समितीनं उन्हाळ्यात नवी घडी बसवली. वयाची अट आली, हजेरीची आली, आणि त्यात एक कलम असं: ज्याचं नाव संघात, त्यानं वर्षाची परीक्षा द्यायचीच. हे कलम कुणाला बघून सुचलं ते सांगायला नको. ते वाचून जिल्ह्यातले वस्ताद, मुकादम आणि मुलांचे बाप एकदम फुटबॉलमधून निवृत्त झाले. पेपरला बसण्यापेक्षा त्यांना पेनल्टी परवडत होती. वयाच्या अटीत भगवानरावही बसत नव्हते. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. सकाळी ते आमच्यासोबत वर्गात बसत आणि संध्याकाळी मुंजाजीला घोटे सोडायला शिकवत. तिसऱ्या वर्षी त्यांना दुसरा वर्ग मिळेल अशी आमची खात्री होती, आणि सत्यशीलाबाईंची तर त्याहून जास्त.

त्या जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत बोरीकडचा एक दणकट गडी आला. खांदे दारात मावेनात. पिशवीतून फुटबॉलचे बूट डोकावत होते आणि ते सगळ्यांना दिसावेत अशी त्यानं पिशवी धरली होती. दत्तराव सरांचे डोळे चमकले. पण खुर्चीत त्या दिवशी स्वतः आबासाहेब होते.

“फुटबॉल खेळतोस ते दिसलं,” ते म्हणाले. “बसशील का?”

“कुठं?”

“वर्गात.”

गड्यानं जरा विचार केला. “किती वेळ?”

“तीन वर्षं,” आबासाहेब म्हणाले आणि टाक त्याच्या हातात दिला.

गड्यानं एकदा दाराकडं बघितलं. दारात भगवानराव उभे होते, मागं रांग होती, आणि निसटून जायला त्यांनी कुठं फट ठेवली नव्हती. त्यानं सही केली.