काकीचा फोन कुणाशी बोलतो?

आमच्या काकीच्या फोनवर मी आठवडाभर पाळत ठेवली, कारण तो काकीवर पाळत ठेवतोय असा मला संशय होता.

प्रश्न अळंबीचा होता. श्रावणात रानातल्या वारुळांवर अळंबी उगवते आणि मालवणजवळच्या आमच्या वाडीत आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही. काकीची जागा चाळीस वर्षं गुप्त होती. काकांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुमका खावक गावता मा? मग गप खावा."

गेल्या वर्षी ती कातळावर घसरली, म्हणून मी तिला फोन घेऊन दिला आणि तिचं लोकेशन माझ्या फोनवर दिसेल अशी सोय केली. (मी कुडाळात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यामुळे घरात मला मान आहे. म्हणजे होता.)

यंदा सहज तपासलं, तर काकी पिशवी घेऊन मागच्या दारानं निघाली की तिच्या फोनमधलं लोकेशन जागं व्हायचं आणि परदेशातल्या कुठल्याशा अनोळखी सर्व्हरशी बोलायचं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"इंदूचो झील मस्कताक आसा," ती हळूच म्हणाली.

इंदूवहिनी म्हणजे त्या मस्कतवाल्या मुलाची आई, आमची शेजारीण, आणि अळंबीच्या बाबतीत काकीची जन्माची वैरीण. मी हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. मी तपास सुरू केला.

फोन स्टीलच्या डब्यात कोंडला. बाहेर काढल्याबरोबर तो पुन्हा बोलला. एसटीनं कुडाळला नेला, तिथंही बोलला! जिथं अळंबी सोडा, धड गवत उगवत नाही अशा स्टँडवरूनही तो बोलतोय, म्हणजे भानगड अळंबीची नाही, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. मला वाटलं, चोर हुशार आहे.

शेवटी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन स्क्रीनशॉट टाकले आणि विचारलं, हा सर्व्हर कुणाच्या ओळखीचा आहे का? वाडीतल्याच एका इंजिनिअर मुलीनं पुण्याहून समजावलं, की कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे एवढंच फोन त्या सर्व्हरला विचारतो, म्हणजे आपली जागा पटकन सापडते. अळंबीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मी काकीला ही आनंदाची बातमी दिली आणि दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी काकी अर्ध्या तासात रिकामी पिशवी घेऊन परतली. जागेवर अख्खी वाडी हजर होती, सगळ्यांत पुढे इंदूवहिनी. माझ्या तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये नकाशा होता. त्यावर लाल ठिपका, आणि खाली लिहिलेलं: काकी.

"फोनान कोणाक एक शब्द सांगूक नाय," काकी म्हणाली. "सगळा तुयाच सांगलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुपारी आठ घरांतून अळंबीच्या सुक्याच्या वाट्या आल्या. काकीनं प्रत्येक चाखली, इंदूवहिनीची खारट ठरवली, ती दोनदा वाढून घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा मागच्या दारानं निघाली. तिची आणखी एक जागा होती!

फोन ती आता बिनधास्त नेते. तो विश्वासाचा आहे म्हणते. नकाशा मात्र काकांच्या फोनवर दिसतो, कारण ते गप खातात. मला ती तांदूळ निवडायला बसवून जाते, आणि ती परत येईपर्यंत काका माझ्यावर पाळत ठेवतात.